गुरुवर्य दादा केळुसकर



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात तथागतांवर, परमपूज्य बाबासाहेबांवर, माता रमाईवर, जोतीराव-सावित्रीमाईंवर लेख असतातच आणि ते असायलाच हवेत. या खेपेला मात्र अशा एका माणसाबद्दल लिहितो आहे, ज्याचे नाव आपल्या भाषणांत फक्त एका वाक्यापुरते येते. केळुसकर गुरुजींनी बाबासाहेबांना बुद्धचरित्र भेट दिले, एवढे आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हा प्रश्न हमखास असतो, एका मार्काला. उत्तर लिहिले की पोरगा पुढच्या प्रश्नावर जातो. पण हे गुरुजी कोण, कुठले, पुस्तक दिल्यावर त्यांनी आणखी काय केले, हे विचारलं तर मोठी माणसंसुद्धा एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

आधीच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती बहुतेकांना माहीत नसते. केळुसकर गुरुजी भीमरावांच्या शाळेत शिकवत नव्हते. भीमराव होते एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये आणि गुरुजी होते विल्सन हायस्कूलमध्ये. भीमरावांचे नाव त्यांच्या हजेरीपटावर कधीच नव्हते. त्यांच्या फीची, पासा-नापासाची कसलीही जबाबदारी गुरुजींवर नव्हती. दुसऱ्या शाळेतला, दुसऱ्या समाजातला, आणि तोही असा समाज की ज्याची सावलीसुद्धा लोकांना नको होती, अशा मुलाची काळजी या माणसाने दहा-पंधरा वर्षे वाहिली. एक मार्काच्या उत्तरात हे मावत नाही.

कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचा जन्म २० ऑगस्ट १८६० रोजी वेंगुर्ल्याजवळच्या केळूस या गावी झाला. गावावरूनच आडनाव. आज हा भाग सिंधुदुर्ग जिल्ह्यात येतो, पण तो जिल्हा १९८१ साली झाला. त्या काळी हे सगळे रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सुभेदार रामजीबाबांचे मूळ गाव आंबडवे हेही मंडणगड तालुक्यातले, म्हणजे त्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. एक कोकणच्या दक्षिण टोकाचा आणि दुसरा उत्तर टोकाचा, आणि दोघांची गाठ पडली ती मुंबईत. कोकणी माणसाचे बहुतेक असेच होते.

गुरुजींचे आयुष्य गेले शाळामास्तरकीत. विल्सन हायस्कूल ही डॉ. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली सुरू केलेल्या शाळेतून वाढलेली संस्था. तिथे ते आधी साहाय्यक शिक्षक होते, पुढे मुख्याध्यापकाच्या जागेपर्यंत चढले. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात लिहिणे. आजच्यासारखी टाइपरायटरची, झेरॉक्सची सोय नाही. टाक, दौत आणि कंदील. अशा परिस्थितीत या माणसाने जे लिहिले त्याची नुसती यादी करायची म्हटली तरी दम लागतो. १८९६ साली तुकाराम महाराजांचे चरित्र. १८९८ साली गौतम बुद्धाचे चरित्र. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात छत्रपती शिवाजी महाराजांचे भलेमोठे चरित्र. या शिवचरित्राच्या आधारे विल्सन कॉलेजचे प्रोफेसर ताकखाव यांनी इंग्रजीत ग्रंथ तयार केला, तो १९२१ साली निघाला. त्याच्या पहिल्या पानावर मूळ लेखक म्हणून केळुसकरांचे नाव आहे आणि नावाखाली लिहिले आहे, मुंबई विद्यापीठाचे फेलो. एका शाळामास्तराच्या नावापुढे ही पदवी लागावी हे त्या काळी काही लहान नव्हते.

आता हे तीन विषय बघा. तुकोबा, बुद्ध आणि शिवाजी महाराज. तुकोबांना शूद्र म्हणून वेदाचा अधिकार नाकारला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला त्यांच्या क्षत्रियत्वावरून अडथळे आणले. बुद्धाने तर जन्मावरून मोठेपणा मोजण्याची रीतच नाकारली. गुरुजींनी ही तीन माणसे मुद्दाम निवडली असे ते कुठे म्हणाले की नाही, ते बाजूला ठेवू. पण निवड योगायोगाने झाली असे मला तरी वाटत नाही. जोतीराव फुले १८९० साली गेले तेव्हा केळुसकर तीस वर्षांचे होते. महाराष्ट्रात बहुजनांच्या शिक्षणाची, बहुजनांच्या इतिहासाची जी हवा तयार झाली होती, त्याच हवेत हा माणूस वाढला.

१८९८ साली मराठीत बुद्धचरित्र लिहिणे म्हणजे काय, याची आज कल्पना येणार नाही. आज आपल्या गल्लीत विहार आहे, पौर्णिमेला वंदना होते, घरोघरी भिंतीवर बुद्धमूर्ती आहे. तेव्हा महाराष्ट्रात बौद्ध म्हणून नाव सांगणारा माणूस शोधून सापडला नसता. लेणी होती, पण लोक त्यांना पांडवलेणी म्हणत. आत बसलेल्या तथागतांना कुठे धर्मराजा तर कुठे भीम समजून शेंदूर फासत. शिकलेल्या माणसाला बुद्ध माहीत होता तो विष्णूचा नववा अवतार म्हणून, दशावताराच्या चित्रातला. ज्या गैरसमजाला बाबासाहेबांनी १९५६ साली बावीस प्रतिज्ञांमध्ये ठासून नकार दिला, त्या गैरसमजाच्या भर राज्यात एका मराठी शाळामास्तराने बुद्धाचे स्वतंत्र चरित्र मराठीत लिहिले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने निघणाऱ्या ग्रंथमालेसाठी ते लिहिले होते. वाचणारे कोण होते? थोडे पंडित, थोडे सुधारक. या पुस्तकाची खरी गरज ज्यांना होती त्यांच्यापर्यंत ते पोचण्याची वाटच नव्हती. त्यांना शाळेच्या ओट्यावरसुद्धा जागा नव्हती.

ती वाट लेखकाने स्वतःच्या पायाने चालून काढली. तेच आता सांगायचे आहे.

रामजीबाबा मुलांच्या शिक्षणासाठी साताऱ्याहून मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत राहू लागले. एकच खोली. चूल तिथेच, भांडीकुंडी तिथेच, जळण तिथेच आणि झोपणारी माणसेही तिथेच. बाप मुलाला संध्याकाळी लवकर झोपवायचा, रात्री दोनला उठवून दिव्यापुढे बसवायचा आणि मगच स्वतः पाठ टेकायचा, हे आपण सगळे जाणतो. भीमरावांना वाचनाचे वेड. शाळेच्या पुस्तकांपेक्षा बाहेरची पुस्तके जास्त. पेन्शनीत पैसा पुरत नसे, तरी रामजीबाबा लग्न झालेल्या लेकीकडून पैसे आणत, नाहीतर तिचा दागिना गहाण ठेवून पुस्तक विकत आणत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत द्यायचा.

शाळेत काय होते? सरकारी शाळा, मोठ्या नावाची. तिथेही एकदा भीमरावांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तर वर्गातली पोरे धावली आणि फळ्यामागे ठेवलेले आपापले जेवणाचे डबे उचलून बाजूला केले. संस्कृत शिकायचे होते तर शिकवणारा तयार नाही, म्हणून पर्शियन घ्यावी लागली. साताऱ्याच्या शाळेत एक आंबेडकर आडनावाचे शिक्षक होते, ते आपल्या फडक्यातली भाजी-भाकर या पोराला देत. बाबासाहेबांनी त्या भाकरीची आठवण जन्मभर ठेवली. म्हणजे एका बाजूला ज्ञान नाकारणारे शिक्षक आणि दुसऱ्या बाजूला भाकर देणारे, पुस्तक देणारे शिक्षक, असे दोन्ही त्यांच्या वाट्याला आले. आपल्या लोकांनी पहिल्यांवर पुष्कळ लिहिले आहे आणि ते योग्यच आहे. दुसऱ्यांवर लिहायला कंजुषी करू नये, असे आपले माझे मत.

घरी जागा नाही म्हणून शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचे. केळुसकर गुरुजीही संध्याकाळी त्या बागेत यायचे. रोज तोच मुलगा, रोज हातात पुस्तक, आजूबाजूच्या खेळाकडे, गप्पांकडे लक्ष नाही. बागेत मुले पुष्कळ असतात, पण मास्तरची नजर अशा मुलावर बरोबर जाते. गुरुजींनी जवळ जाऊन चौकशी केली. कोण, कुठला, काय वाचतोस. मुलाने जात लपवली नाही आणि ती ऐकून गुरुजी बाकावरून उठून गेले नाहीत. उलट काय वाचावे ते ते सांगू लागले, पुस्तके देऊ लागले. हा प्रसंग चरित्रकारांनी लिहून ठेवला आहे. बाबासाहेबांनी स्वतः मात्र त्यांची ओळख सांगितली आहे ती आपल्या वडिलांचे मित्र म्हणून. दादा केळुसकर असे ते त्यांना म्हणत.

आता पुस्तकाचा प्रसंग. यात दोन हकिकती आहेत आणि आपल्याकडे त्यांची सरमिसळ होते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

चरित्रग्रंथांतून जी हकिकत आली आहे ती अशी. १९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा पास झाले. ७५० पैकी २८२ गुण. आज कुणी म्हणेल, एवढेच? अहो, अस्पृश्य मुलाने मॅट्रिक होणे हीच तेव्हा अघटित गोष्ट होती. समाजाने सत्काराची सभा भरवली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. हेच ते बोले, ज्यांनी पुढे १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव आणला, आणि ज्या ठरावाच्या आधारे १९२७ साली महाडचे चवदार तळे गाजले. त्या सभेला केळुसकर गुरुजी हजर होते. त्यांनी कौतुकाचे भाषण केले आणि आपले बुद्धचरित्र मुलाच्या हाती ठेवले.

दुसरी हकिकत खुद्द बाबासाहेबांची. बुद्ध आणि त्याचा धम्म या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ साली, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या वर्षी, एक प्रस्तावना लिहिली. तीत ते सांगतात की हा प्रसंग इंग्रजी चौथी पास झाल्यावरचा. त्या वेळी मराठी चार इयत्तांनंतर इंग्रजी पहिली सुरू व्हायची आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. म्हणजे मॅट्रिकच्याही तीनेक वर्षे आधीचा प्रसंग, आजच्या हिशेबाने आठवीचा मुलगा! समाजाच्या लोकांना वाटले, आपल्यातला पोरगा इथवर पोचला, सभा घेऊ या. ते रामजीबाबांकडे परवानगी मागायला गेले. रामजीबाबांनी साफ नाही म्हटले. अशाने पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. लष्करी शिस्तीचा बाप तो. लोक हिरमुसले, पण हटले नाहीत. ते गेले दादा केळुसकरांकडे. गुरुजींनी रामजीबाबांची समजूत घातली, थोडी वादावादी झाली आणि शेवटी बाप कबूल झाला. या हकिकतीत सभेचे अध्यक्ष स्वतः केळुसकरच आहेत आणि भाषणाच्या शेवटी त्यांनी पुस्तक दिले.

कोणती खरी धरायची? अभ्यासक काय ते ठरवोत. मला विचाराल तर ज्याच्या हातात पुस्तक पडले त्याची आठवण मी आधी धरीन. आणि त्यात एक गोष्ट अशी आहे जी पहिल्या हकिकतीत येत नाही. आपली माणसे, अर्धपोटी, गिरणी-गोदीत राबणारी, आठवी झालेल्या पोराचा सत्कार करायला निघाली होती आणि अडल्यावर कुणाकडे जायचे हे त्यांना ठाऊक होते. परक्या समाजातल्या एका मास्तरच्या दारात ते हक्काने गेले. हा हक्क एका दिवसात मिळत नसतो.

पुस्तक वाचून मुलाचे काय झाले? तेही बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे. वाचून ते हलून गेले. मग त्यांनी सरळ बापालाच प्रश्न घातला. घर कबीरपंथी, रात्री रामायण-महाभारत वाचायचा नेम. हे पुस्तक असताना बुद्धाचे वाङ्मय आपल्या घरात का नाही, महाभारत-रामायणच का वाचायचे? त्यातली माणसे मला पटत नाहीत. भीष्म-द्रोण पटत नाहीत, कृष्णाचे कपट पटत नाही, रामाने वालीला मारले ते आणि सीतेशी वागला ते पटत नाही. रामजीबाबांचे उत्तर असे होते की आपण खालच्या जातीतले आहोत म्हणून तुमच्या मनात न्यूनगंड येऊ नये, कर्ण आणि द्रोण लहानातून केवढे झाले, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला, हे तुम्हाला कळावे म्हणून मी वाचायला लावतो. बापाच्या उत्तरात माया होती, पण मुलाचे समाधान झाले नाही. आपण बुद्धाकडे वळलो ते असे, दादा केळुसकरांनी दिलेल्या पुस्तकामुळे, हे त्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिले आहे. २८ ऑक्टोबर १९५४ रोजी मुंबईत नायगावच्या पुरंदरे स्टेडियमवर बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू असे त्यांनी जाहीर केले, त्या भाषणातही पहिल्या गुरूविषयी बोलताना केळुसकरांचे नाव घेतले. चार दशकांपूर्वीच्याही आधीचे ते पुस्तक, पण देणाऱ्याचा विसर पडला नव्हता.

इथे एक खंत सांगितल्यावाचून राहवत नाही. बाबासाहेबांची ही प्रस्तावना १९५७ साली निघालेल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नाही. पुढे १९८० साली ती निराळी प्रसिद्ध झाली. आपण वर्षावासात ज्या ग्रंथाचे वाचन करतो, त्या ग्रंथाच्या जुन्या प्रतींमध्ये म्हणून केळुसकरांचे नाव सापडत नाही. बाबासाहेबांनी उपकार मानले, पण ते मानलेले आपल्या घरापर्यंत पोचले नाहीत. पिढी-दोन पिढ्या हे नाव ऐकीव राहिले त्याचे हे एक कारण असावे.

पुस्तक देऊन गुरुजी मोकळे झाले असते तरी कुणी काही म्हटले नसते. पण खरे काम त्याच्या पुढे आहे.

भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, इंटरपर्यंत पोचले आणि रामजीबाबांची सगळी शिल्लक संपली. पुढचे शिक्षण बंद पडायची वेळ आली. आजही आपल्या वस्तीत बारावीनंतर किती मुलांची गाडी इथेच थांबते, हे मी सांगायला नको. गुरुजींना आठवण होती की सयाजीराव महाराजांनी मुंबईत, हुशार अस्पृश्य विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी आपण मदत करू असे जाहीर केले आहे. सयाजीरावांचे बोलणे हवेतले नसे. १९०६ सालीच त्यांनी आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले होते. गुरुजींचा बडोद्याशी ग्रंथांच्या निमित्ताने संबंध होता. त्यांनी चिठ्ठीचपाटी करत बसण्यापेक्षा मुलाला बरोबर घेतले आणि महाराजांपुढे नेऊन उभे केले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, मुलाने नीट उत्तरे दिली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. त्या पंचवीस रुपयांवर भीमराव बी. ए. झाले.

लेखक माणूस आपली ओळख कशासाठी खर्च करतो? पुस्तकाला अनुदान मिळावे, आवृत्ती खपावी म्हणून. त्यात गैर काही नाही, पोट सगळ्यांना आहे. गुरुजींनी ती ओळख एका महाराच्या पोरासाठी खर्ची घातली. राजापुढे शब्द टाकणे म्हणजे स्वतःची पत पणाला लावणे. मुलगा उद्या नापास झाला असता, तर तोंड गुरुजींना दाखवावे लागले असते.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबा गेले. त्याच वर्षी बडोदे संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेला रवाना झाले. कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली परतावे लागले आणि करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू व्हावे लागले.

बडोद्यात काय झाले ते प्रत्येक भीमजयंतीला आपण ऐकतो. एवढा शिकलेला अधिकारी, पण राहायला घर नाही. कचेरीतला शिपाई कागद हातात न देता लांबून टाकतो. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहिले, तर लाठ्या घेऊन जमाव आला आणि सामानासकट बाहेर काढले. दिवसभर कुठे टेकायला जागा नाही म्हणून कामाठी बागेत झाडाखाली बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

त्यानंतरचा प्रसंग आपल्या भाषणांत सहसा येत नाही, तो मुद्दाम सांगतो. मुंबईत आल्यावर या गोष्टीत हात घातला तो पुन्हा केळुसकर गुरुजींनीच. बडोद्याला त्यांच्या ओळखीचे एक प्रोफेसर होते. भीमरावांना पैसे घेऊन आपल्या घरी राहू-जेवू द्यावे, असे गुरुजींनी त्यांना विचारले. प्रोफेसर तयार झाले. तेवढ्या भरवशावर भीमराव पुन्हा बडोद्याला गेले. गाडीतून उतरतात न उतरतात तोच स्टेशनवरच प्रोफेसरांची चिठ्ठी हातात पडली. घरातून, म्हणजे पत्नीकडून, विरोध आहे, तेव्हा ठेवून घेता येत नाही. भीमराव परत फिरले.

गुरुजींना हे कळले तेव्हा काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. राजाकडून पंचवीस रुपये मिळवता आले, पण सुशिक्षित मित्राच्या घरात एक खाट मिळवता आली नाही. एका भल्या माणसाची शक्ती कुठवर चालते आणि जात तिला कुठे अडवते, हे त्या चिठ्ठीने दाखवले. पुढे बाबासाहेबांनी दुसऱ्याच्या दारातली जागा मागणे सोडून स्वतःचे घर बांधायला घेतले, त्यामागे असे किती प्रसंग असतील!

कधी कधी आपले तरुण विचारतात, एवढे बुद्धचरित्र लिहिले, मग केळुसकर स्वतः बौद्ध का झाले नाहीत? त्यांनी तर भगवद्गीतेवरही पुस्तक लिहिले. प्रश्न बरोबर आहे, तो दाबू नये. ते त्यांच्या काळातले सुधारक होते. तुकोबा, गीता, बुद्ध हे सगळे एकाच कपाटात ठेवता येते असे मानणारी ती पिढी. बाबासाहेबांनी त्या कपाटातून एकच पुस्तक उचलले आणि बाकीची का नकोत हेही सांगितले. दोघांच्या वाटा निराळ्या. पण घेणाऱ्याने आपली वाट निवडली म्हणून देणाऱ्याचा हात लहान होत नाही. आणि हेही खरे की भीमरावांनी हे मानावे, ते मानावे, असा आग्रह गुरुजींनी धरल्याचे कुठे दिसत नाही. पुस्तक दिले, काय घ्यायचे ते मुलावर सोडले. खरा मास्तर असाच असतो. नाहीतर आम्ही! मुलाला पुस्तक देतो आणि लगेच त्याच्या मानेवर बसतो.

१४ ऑक्टोबर १९३४ रोजी केळुसकर गुरुजींचे निधन झाले. तारीख पुन्हा वाचा. तेव्हा येवल्याची घोषणा व्हायची होती, ती झाली १३ ऑक्टोबर १९३५ ला, म्हणजे वर्षाला एक दिवस कमी असताना. हिंदू म्हणून मरणार नाही हे शब्द ऐकायला गुरुजी नव्हते. आणि त्यांच्या निधनानंतर बरोबर बावीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर काय घडले ते आपण आहोत त्यावरूनच कळते. यात दैवी काही नाही. आपण बौद्ध माणसे, योगायोगाला चमत्कार म्हणत नाही. परंतु दरवर्षी त्या तारखेला आपण पांढरे कपडे घालून विहारात जमतो, तेव्हा गुरुजींचा स्मृतिदिनही तोच असतो, एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही.

मुंबईत दादरला शिवाजी पार्कच्या कडेने केळुसकर मार्ग आहे. शिवचरित्र लिहिणाऱ्याचे नाव शिवाजी पार्कच्या रस्त्याला. चैत्यभूमी तिथून हाकेच्या अंतरावर. ६ डिसेंबरला आपली लाखो माणसे शिवाजी पार्कात मुक्कामाला असतात, पुस्तकांच्या स्टॉलवरून पिशव्या भरून घेतात आणि त्या रस्त्याच्या पाटीखालून रांगेला जातात. पुढच्या वेळी जाल तेव्हा पोरांना पाटी दाखवा.

गुरुजींचे आत्मचरित्र त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. गौतम बुद्धाचे चरित्रही पुढे पुन्हा छापले गेले आहे. भाषा जुन्या वळणाची आहे, वाक्ये लांब आहेत. सुरुवातीला अडखळायला होईल, पण मोठ्याने वाचले की सरळ जाते. घरात शाळेतली मुले असतील तर त्यांनी वाचावे आणि म्हाताऱ्यांनी ऐकावे, असे केले तर पंधरा दिवसांत पुस्तक होते. आपल्या विहाराच्या कपाटात त्याच्या दोन प्रती ठेवल्या आहेत. रविवारी वंदनेनंतर वहीत नाव लिहून घरी नेता येतील.